विश्लेषण : अल्पवयीन आरोपीचा ‘धोका’ मोजायचा कसा?

300 शब्दांचा निबंध आठवतोय? 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे कारच्या धडकेत दोन तरुण आयटी अभियंत्यांचा जीव गेला. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने अल्पवयीन चालकाला जामीन दिला आणि त्यातली निबंधाची अट देशभर गाजली. मीही इंजिनीअरिंगच केलेलं, गेलेले दोघं माझ्याहून थोडे लहान. त्या दिवशी संताप मलाही आला होता. पण त्याच आदेशात व्यसनमुक्तीसाठी समुपदेशनाचीही अट होती, हे मीम फॉरवर्ड करताना फारसं कुणी वाचलं नाही.

खटकायला हवं होतं ते वेगळंच. या मुलाला कशाची गरज आहे आणि त्याच्यापासून पुढे कुणाला किती धोका आहे, हे काही तासांत कळणार कसं?

कायद्यात काय तरतूद आहे?

बाल न्याय कायदा 2015 नुसार मुलाला मंडळापुढे पहिल्यांदा हजर केल्यापासून 15 दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल यायला हवा. परिवीक्षा अधिकारी किंवा बालकल्याण अधिकारी तो तयार करतो. यासाठीचा ‘फॉर्म 6’ एकदा वाचाच. घरात कोण कोण आहे, शाळा कधी आणि का सुटली, मित्र वयाने मोठे आहेत का, व्यसन आहे का, मुलावर स्वतःवर अत्याचार झालाय का, टोळीने त्याला वापरलंय का, असं सगळं त्यात विचारलेलं आहे. कागद उत्तम आहे. पण तो घरी जाऊन, शेजाऱ्यांशी आणि शिक्षकांशी बोलून भरायचा असतो. टेबलावर बसून टिकमार्क केल्या, तर अहवाल तयार होतो आणि मूल कळत नाही.

मग ‘प्रौढ समजून खटला’ कधी?

मुलाचं वय 16 ते 18 असेल आणि गुन्हा ‘निर्घृण’ वर्गातला असेल, तर कलम 15 प्रमाणे प्राथमिक मूल्यांकन होतं. गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि गुन्हा घडला ती परिस्थिती, या गोष्टी मंडळ पाहतं. गुरुग्रामच्या शाळेतल्या 2017 च्या हत्याप्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2022 मध्ये सांगितलं, की हे काम नाजूक आहे. मंडळात बालमानसशास्त्राची पदवी असलेला व्यावसायिक सदस्य नसेल, तर तज्ज्ञांची मदत घेणं बंधनकारकच आहे. बुद्ध्यांक चांगला आला म्हणजे परिणामांची समज आहे, असंही नाही.

पुण्याच्या प्रकरणात जुलै 2025 मध्ये मंडळाने पोलिसांची ‘प्रौढ समजा’ ही मागणी फेटाळली. किमान सात वर्षांची शिक्षा असलेला गुन्हाच ‘निर्घृण’ ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या शिल्पा मित्तल निकालात म्हटलं होतं. बचाव पक्षाचा भर त्यावरच होता. म्हणजे देशभर वाद रंगला मुलाच्या मनावर, आणि युक्तिवाद फिरला कलमातल्या आकड्याभोवती.

आपण चुकीचा प्रश्न विचारतोय का?

माझ्या मते हो. कलम 15 मागे वळून बघतं : त्या क्षणी त्याला कळत होतं का? इतर काही देशांत पुढचाही प्रश्न विचारतात. कॅनडात तयार झालेल्या एका प्रश्नावलीत 42 मुद्दे आहेत आणि ते आठ गटांत मांडलेत : आधीचे गुन्हे, कुटुंब, शिक्षण-रोजगार, मित्र, व्यसन, मोकळा वेळ, स्वभाव आणि दृष्टिकोन. त्यातून पुन्हा गुन्हा होण्याचा धोका दिसतोच, शिवाय काय बदललं तर तो कमी होईल हेही दिसतं. कमी धोक्याच्या मुलाला सराईत मुलांबरोबर डांबलं तर तो बिघडण्याचीच भीती जास्त, हेही यातूनच पुढे आलं.

इंजिनीअरला असा स्कोअर आवडतो, मलाही आवडला. पण ‘आधी पोलिसांनी पकडलं होतं का’ या रकान्यात वस्तीतल्या मुलाचे गुण वाढतात आणि बंगल्यातल्या मुलाचे वाढत नाहीत. त्याला बहुधा कुणी पकडलेलंच नसतं. परदेशी फॉर्म तसाच्या तसा मराठीत उतरवून भागणार नाही. आपल्याकडच्या मुलांवर तो तपासावा लागेल, आणि घरोघरी जायला पुरेसे परिवीक्षा अधिकारी लागतील.

आपल्या कायद्यात पुढे बघणारं एक कलम आहे, फक्त ते फार उशिरा येतं. प्रौढ म्हणून शिक्षा झालेल्या मुलाला 21 वर्षांपर्यंत सुरक्षित स्थळी ठेवतात. मग बाल न्यायालय तपासतं, की तो सुधारलाय का आणि बाहेर सोडता येईल का. सोडायचं नसेल, तर उरलेली शिक्षा तुरुंगात. पण पहिल्या 15 दिवसांतलं रीडिंगच नीट घेतलेलं नसेल, तर 21 व्या वर्षीच्या रीडिंगची तुलना न्यायाधीश कशाशी करणार?