घाटीच्या रुग्णालाही पुन्हा चालण्याचा हक्क आहे

परांचीवरून मजूर पडतो, मणका मोडतो. घाटीत जीव वाचतो. पुढे आयुष्यभर खाट. लोक म्हणतात, नशीब फुटले. सुरक्षापट्ट्याशिवाय उंचीवर कोणाला चढवतात, हे मात्र कोणी विचारत नाही.

आज कंबर-गुडघ्यांपाशी मोटारी असलेला, बॅटरीवर चालणारा यांत्रिक सांगाडा पायांना बांधून अशा काही रुग्णांना उभे करता येते, पावले टाकवता येतात. अमेरिकेत 2014 साली असे यंत्र घरी वापरायला परवानगी मिळाली. 2024 पासून तिथला सरकारी मेडिकेअर विमा त्याच्या खर्चाचा भार उचलतो.

आपल्या राज्यघटनेचे कलम 41 आजारपण व विकलांगतेत सार्वजनिक साहाय्याचा हक्क मिळवून द्यायला शासनाला सांगते. त्यातली 'आर्थिक क्षमतेची मर्यादा' पुढे करून सरकारने हात झटकू नयेत. उपचारासाठीचे एकच यंत्र मापे बदलून अनेक रुग्णांना वापरता येते. घाटीत ते हवे, चालवणारे प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टही हवेत.

यंत्र जादू करत नाही, हेही आम्ही जाणतो. कुबड्या धरायला हातांत बळ लागते. रीवॉक हे यंत्र शोधणारे इस्रायली अभियंते अमित गोफर यांचे हातही अधू. त्यांना स्वतःचेच यंत्र वापरता आले नाही. म्हणून चांगली व्हीलचेअर आणि प्रत्येक कचेरीला रॅम्प ही मागणीही सोबतच. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा तेच सांगतो.

शिबिरात फोटो काढून वाटलेली दया आम्हाला नको. बाबासाहेबांनी आम्हाला हक्क मागायला शिकवले आहे.

जय भीम!