पाठपुराव्याअभावी खारीज

अमेरिकेतील संघीय जिल्हा न्यायालयांतून कैद्यांचे हेबियस कॉर्पसचे कित्येक अर्ज एका ठरावीक साच्याच्या आदेशाने निकालात निघतात. न्यायालयाने पाठविलेला लखोटा तुरुंगातून परत आला, अर्जदाराने नवा पत्ता कळविला नाही, सबब अर्ज पाठपुराव्याअभावी खारीज. आपली कैद कायदेशीर आहे काय, हा अर्जदाराचा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

या आदेशांना आधार आहे तो तेथील दिवाणी कार्यपद्धतीच्या नियम ४१चा. प्रतिपक्षाने मागणी केली नसली तरी न्यायालयास स्वतःहून दावा काढून टाकता येतो, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली ठरविले. तो दावा रेल्वे अपघाताच्या नुकसानभरपाईचा होता आणि गैरहजर राहिला होता तो वादीचा वकील. रेंगाळणाऱ्या दिवाणी वादीसाठी योग्य असलेला हा चाबूक तुरुंगातील माणसावर उगारताना मात्र थोडा विचार व्हावयास हवा होता. कैदी स्वेच्छेने बिऱ्हाड बदलीत नाही. त्याला हलविते ते तुरुंग खाते, आणि अशा अर्जात प्रतिवादी असतो तो त्याला कोठडीत ठेवणारा अधिकारीच! ज्याला पत्ता पक्का ठाऊक, त्याला कोणी विचारीत नाही.

काही अर्जदार सुटून गेलेले असतात, काहींचा उत्साह मावळलेला असतो, हे खरे. न्यायालयाने प्रत्येकामागे धावावे असे कोणी म्हणणार नाही. 'पुन्हा अर्ज करण्यास मुभा ठेवून' आम्ही तो काढतो, असाही खुलासा केला जातो. परंतु ही मुभा बहुधा कागदावरच राहते. १९९६च्या कायद्याने अशा अर्जास साधारणतः एका वर्षाची मुदत घातली, आणि संघीय न्यायालयात अर्ज पडून राहिल्याचा काळ त्या वर्षातून वजा होत नाही, असा निर्णय २००१ साली झाला. म्हणजे खारिजीचा आदेश निघेपर्यंत मुदत बहुधा उलटलेली असते. अपवादात्मक परिस्थितीत ती वाढवून मिळते, हे २०१० साली मान्य झाले. पण ती परिस्थिती सिद्ध करावयाची कोणी? शिक्षेनंतरच्या अशा कामात सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा घटनादत्त हक्क कैद्याला नाही, हे तर १९८७ सालीच स्पष्ट झाले आहे.

विशेष असे की, टपालाबाबतची कैद्याची परवशता याच सर्वोच्च न्यायालयाने ओळखलेली आहे. बिनवकिली कैद्याने अपिलाची नोटीस तुरुंगाधिकाऱ्याच्या हाती दिली त्याच दिवशी ती दाखल झाली असे मानावे, हे १९८८ साली ठरले. कैद्याकडून जाणाऱ्या टपालास मिळालेली ही सवलत त्याच्याकडे येणाऱ्या टपालाला का नसावी? संघीय तुरुंग खात्याची कैद्यांची शोधसूची आज संगणकावर कोणालाही पाहता येते. लखोटा परत आला की कारकुनाने ती चाळावी, न सापडल्यास प्रतिवादी अधिकाऱ्याकडून पत्ता मागवावा, आणि मगच आदेशाचा मसुदा न्यायाधीशांपुढे ठेवावा. यासाठी नवा कायदा नको, जिल्हा न्यायालयाच्या स्थानिक नियमांत एक वाक्य पुरेल.