समासातील नोंदी आणि कादंबरीचे वाचन

कादंबरी हातात पेन्सिल घेऊन वाचावी, असे पदव्युत्तर वर्गात सांगण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. प्रश्न आहे तो समासात काय लिहावे हा. विद्यार्थ्यांच्या प्रती चाळल्या तर कथानक, व्यक्तिचित्रण, वातावरण, भाषाशैली हेच चार शब्द पानोपानी आढळतात. म्हणजे वाचन सुरू होण्यापूर्वीच खाती पाडून झालेली असतात. वाचकाने त्यांत फक्त जमा करीत जायचे. ई. एम. फॉर्स्टर यांनी ‘आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल’ (१९२७) मध्ये कथा, माणसे, कथानक यांच्याबरोबर लयीचाही विचार केला होता. आपल्या रूढ यादीत लयीला क्वचितच जागा मिळते. कारण उघड आहे : एका पानावर एक खूण करून लय दाखविता येत नाही.

‘कोसला’मधील ‘उदाहरणार्थ’ हा शब्द पाहावा. भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ मधील या कादंबरीचा निवेदक पांडुरंग सांगवीकर आपले वय सांगतानाच तो वापरतो. अभ्यासू वाचक तेथे ‘भाषाशैली’ असे लिहितो. पुढे तो शब्द कितीही वेळा आला तरी समास कोराच राहतो. वस्तुतः उदाहरण हे एखाद्या नियमाचे असते. येथे निवेदक स्वतःचे आयुष्यच उदाहरण म्हणून पुढे करतो आणि नियम मात्र सांगत नाही. शैलीच्या खात्यात टाकलेली ही बाब अशा रीतीने जीवनदृष्टीचीही ठरते. पहिल्या ठिकाणी हे कळत नाही, कळावे अशी अपेक्षाही नाही. परंतु शब्द येईल तेथे समासात नुसता ठिपका दिला असता, तर धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते त्या भागात हे ठिपके दाट होतात की विरळ, असा प्रश्न वाचकाला पडला असता. असा प्रश्न कोणत्याही मार्गदर्शिकेतून उसना घेता येत नाही.

पहिल्या वाचनातील चुकीच्या नोंदींचेही असेच आहे. वसतिगृहातील दिवसांच्या वर्णनापाशी कोणी ‘निव्वळ विनोदी’ असा शेरा मारतो. मनीच्या मृत्यूनंतर तो शेरा त्यालाच उथळ वाटतो आणि तो खोडून टाकतो. तो खोडू नये. वाचकाची ही फसगत निवेदनानेच घडवून आणलेली असते; निवेदनतंत्राचा तो हाती आलेला पुरावा होय. दुसऱ्या वाचनाची नोंद निराळ्या शाईने शेजारी करावी. दोन शाईंमधील अंतर हेच पुष्कळदा प्रबंधाचे खरे प्रकरण असते.

नोंदींमुळे आस्वादात खंड पडतो, हा आक्षेप एका बैठकीत संपणाऱ्या कथेपुरता मान्य करावा. दीर्घ कादंबरी तशीही अनेक दिवस वाचली जाते आणि विस्मरण हा तिच्या वाचनाचा भागच असतो.

ग्रंथालयाच्या प्रतीवर अर्थातच काही लिहू नये. तेथे आधीच परीक्षार्थींच्या अनेक पिढ्यांनी ‘महत्त्वाचे’ असे लिहून ठेवलेले असते, तेही बहुधा त्याच त्या परिच्छेदांपाशी. पानांत कागदाच्या अरुंद पट्ट्या ठेवाव्यात, त्यांवर पृष्ठांक घालावा आणि पुस्तक परत करताना त्या आठवणीने काढून घ्याव्यात.