रोग सीमा मानीत नाही, उपचारांनी का मानावी?

सातपुड्याच्या कुशीत, संत्र्यांच्या बागांमध्ये वसलेल्या पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली मिळून २०२३ साली मध्य प्रदेशात एक नवा जिल्हा अस्तित्वात आला. तेथील घराघरांत मराठी नांदते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर ही या लोकांची राजधानी होती. आज ते परराज्यातील शहर आहे. सीमा एका रात्रीत बदलली, माणसांची वाट मात्र बदलली नाही. कर्करोगासारख्या दुखण्यात जवळचे मोठे रुग्णालय गाठायचे, तर आजही नागपूरच गाठावे लागते.

आपल्या किनारपट्टीवरील वाचकांना ही कथा परकी वाटू नये. १ जानेवारी २०१८ पासून बांबोळीच्या इस्पितळात गोव्याबाहेरील रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा सिंधुदुर्गात केवढा क्षोभ उसळला होता! गोव्याच्या तिजोरीवरील भार खरा होता, हे मान्य करूनही प्रश्न उरतोच: रुग्णाचा गाव पाहून उपचारांचे दार किती उघडायचे हे ठरावे काय?

कर्करोग-संशोधन म्हणजे केवळ महागडी यंत्रे, असा एक समज रूढ आहे. बार्शीने तो खोटा ठरविला. तेथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव हिंडले, लोकांशी बोलले. परिणामी स्त्रिया रोगाच्या आधीच्या अवस्थेत उपचारांस येऊ लागल्या. पुढे टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहकार्याने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूची आयुष्यात एकदाच केलेली तपासणी त्या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणू शकते, हे जगाला मराठवाड्यातील खेड्यांनी दाखविले. अर्थात नुसत्या तपासणीने कोणी वाचले नाही. दोष आढळलेल्या स्त्रीला उपचारांपर्यंत नेले गेले, म्हणून ती वाचली.

सीमेवर नेमका हाच दुवा तुटतो. नागपूरची नोंदणी नागपूरच्या रहिवाशांची, भोपाळची भोपाळच्या. सौंसरचा रुग्ण नागपुरात उपचार घेतो आणि दोन्ही वह्यांबाहेर राहतो. ज्याची मोजदादच नाही, त्याच्यासाठी तरतूद कोण करणार?

तिशी ओलांडलेल्यांच्या तोंडाची, तसेच स्त्रियांच्या स्तनांची व गर्भाशयमुखाची तपासणी करावी, असे धोरण केंद्र सरकारने २०१६ सालीच आखले आहे. २०१८ च्या आयुष्मान योजनेचे कार्ड परराज्यातील संलग्न रुग्णालयांतही चालते. म्हणजे कागद तयार आहे. हवी आहे ती माणसांची साखळी. पांढुर्णा जिल्ह्यासाठी बार्शीच्या धर्तीवर स्वतंत्र नोंदणी व्हावी. तपासणी गावात आणि रुग्णाच्या भाषेत व्हावी. संशयित रुग्णाच्या हाती नागपूरच्या रुग्णालयाची निश्चित तारीख पडावी आणि तो तेथे पोहोचला की नाही, याची विचारपूस व्हावी. दोन राज्यांच्या आरोग्य खात्यांनी एकत्र बसून केलेला साधा करार यासाठी पुरेसा आहे.

राज्ये जनतेच्या सोयीसाठी निर्माण झाली. त्यांची सीमा रोग्याच्या वाटेत कुंपण होऊन उभी राहत असेल, तर ते कुंपण हटविणे हे दोन्ही सरकारांचे कर्तव्य आहे. पांढुर्ण्यात ते घडले, तर उद्या दोडामार्गालाही त्याचा दाखला देता येईल.