क्रियापद कापलेलं वाक्य

पुण्याजवळच्या चाकण औद्योगिक पट्ट्यात, म्हाळुंग्यात, एका मोबाईलच्या दुकानावर दहा बाय दहाची खोली आहे. तिथे राहणारा मुलगा सेकंड शिफ्टला कंपनीत जातो, कंत्राटी म्हणून. रात्री साडेबाराला कंपनीची बस सोडते, तो अंघोळ करतो, डब्यातलं उरलेलं खातो आणि मग चाकण परिसराच्या बातम्यांचं त्याचं पान चालवायला बसतो. गेल्या रविवारी त्याने मला मोबाईलवर दोन मथळे दाखवले. दोन्ही एकाच घटनेचे, दोन्ही त्यानेच लिहिलेले.

पहिला असा : आंबेठाण चौकात कंटेनर बंद पडला, दोन तास वाहतूक ठप्प. हा उघडणारे बोटांवर मोजता येतील इतकेच निघाले. तासाभराने त्याने तो काढून दुसरा लावला : ‘आता सहन होत नाही!’ चाकणकरांचा संयम सुटला अन् भरदुपारी चौकात...

पुढे टिंबं. या दुसऱ्यावर माणसं तुटून पडली. खाली शिव्या, त्यावर उलट शिव्या, आमदारांच्या नावाने बोटं मोडणं, परप्रांतीय ड्रायव्हरच्या नावाने त्याहून वाईट. शेजारच्या गावांच्या तीन-चार पानांनी त्याची लिंक उचलली. आत बातमी तीच होती, तोच कंटेनर, तेच दोन तास.

“मग चाकणकरांनी चौकात केलं काय?” मी विचारलं.

“काय करणार? गाड्या बंद करून उभे राहिले. एकाने टपरीवरून चहा नेऊन कंटेनरच्या ड्रायव्हरला दिला. बिचारा घाबरला होता.”

हे त्याने स्वतः पाहिलं होतं. बातमीत ते नव्हतं.

त्या टिंबांवर मी आठवडाभर विचार करतो आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. कुणी, कुठे, कुणाला हे सगळं सांगून झाल्यावर काय झालं ते आपण सांगतो. ऐकणाऱ्याला शेवटच्या शब्दापर्यंत थांबावं लागतं. कीर्तनकाराने या थांबण्याचा उपयोग केला, तमाशातल्या सोंगाड्याने केला, आजीने गोष्ट सांगताना केला, पण त्या सगळ्यांनी शेवटी क्रियापद दिलं. आताचा मथळा ते कापून घेतो आणि म्हणतो, हवं असेल तर आत ये. ‘सुनेने सासूच्या डोळ्यांदेखत...’, ‘हिंजवडीतल्या इंजिनिअरने रागाच्या भरात...’, ‘कंपनीच्या गेटवर कामगारांनी मॅनेजरला...’ कापलेल्या जागेत वाचक आपल्या मनातलं सर्वात वाईट क्रियापद भरतो. आत जाऊन खरं क्रियापद बघणारे थोडे. बाकीचे मनातलंच घेऊन पुढे जातात आणि तेच दुसऱ्याला सांगतात.

मी त्या मुलाला रागावू शकलो नाही. कामाचे दोनशे चाळीस दिवस भरून कायद्याचं संरक्षण मिळू नये म्हणून सात महिन्यांनी ब्रेक मिळणाऱ्यांतला तो आहे. ब्रेकच्या काळात त्या पानावरच्या जाहिराती खोलीचं भाडं काढून देतात. जाहिरातीचे पैसे किती जणांनी पाहिलं यावर मिळतात. का पाहिलं, पाहून काय झालं, हे त्या हिशेबात नसतं.

हा हिशेब म्हाळुंग्यात जन्मलेला नाही. १९९८ मध्ये गुगलने शोधाची जी पद्धत आणली तिच्या मुळाशी एक साधी कल्पना होती : एका पानाने दुसऱ्याची लिंक दिली की ते त्या दुसऱ्याला पडलेलं एक मत. मत देणारा कौतुक करतो आहे की थुंकतो आहे, हे त्या मोजणीला कळत नव्हतं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका चष्मेविक्याने हे बरोबर ओळखलं. तो गिऱ्हाइकांना खराब माल द्यायचा, फोनवर धमकावायचा. चिडलेली गिऱ्हाइकं तक्रारींच्या संकेतस्थळांवर त्याच्याविरुद्ध लिहायची, आणि लोक जितकं लिहायचे तितकं त्याचं दुकान गुगलच्या यादीत वर चढायचं. नोव्हेंबर २०१० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हे छापलं. काही दिवसांतच गुगलने आपली पद्धत सुधारली आणि तो माणूस पुढे तुरुंगात गेला. फेसबुकचीही तीच गत. २०२१ मध्ये त्या कंपनीचे आतले कागद बाहेर आले, तेव्हा कळलं की २०१७ पासून काही काळ साध्या लाइकच्या अंगठ्यापेक्षा इतर चेहऱ्यांना पाचपट वजन होतं. त्यांत रागाचा लालबुंद चेहराही होता. आपण संतापून तो चेहरा दाबत होतो तेव्हा त्या मजकुराला ढकलून पुढेच नेत होतो.

कुणी म्हणेल, भडक लिहिणं ही आपली जुनीच परंपरा, त्यात नवं काय? पुण्यात बसून हे म्हणणारे मला अनेक भेटतात. त्यांना मी बर्वे प्रकरणाची आठवण करून देतो, कारण ते नीट वाचलं तर उत्तर त्यातच आहे.

‘केसरी’ जानेवारी १८८१ मध्ये निघाला. आगरकर त्याचे संपादक, टिळक ‘मराठा’चे. दोघेही पंचविशीतले. कोल्हापूरचे तरुण छत्रपती, चौथे शिवाजी महाराज, यांची मनःस्थिती बिघडलेली होती आणि त्यांना वाईट वागवलं जातं अशी बोलवा होती. दिवाण माधवराव बर्वे यांचा महाराजांविरुद्ध कट आहे, असं दाखवणारी पत्रं या तरुणांच्या हाती आली आणि दोन्ही वृत्तपत्रांत जळजळीत मजकूर छापला गेला. लोक पेटले, सभा झाल्या. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि ती पत्रं बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली. तरी जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी एकशे एक दिवस काढले. खटल्याच्या वेळी त्यांच्या जामिनाची व्यवस्था जोतीराव फुल्यांनी रामशेठ उरवणे यांच्यामार्फत करून दिली होती. विचारांनी इतकी लांबची माणसं, तरी.

सुटून आल्यावर त्यांचं जंगी स्वागत झालं, हे आपण अभिमानाने सांगतो. पत्रं बनावट होती, हे मात्र हळू आवाजात सांगतो. मला दोन्ही एकदम सांगावंसं वाटतं. काळजी खरी होती : ते महाराज २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरला, नजरकैदेत, एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत गेले. पुरावा खोटा होता. खरी काळजी असली की खोटा पुरावाही खराच वाटू लागतो, आणि लिहिणाऱ्याने सर्वात सावध राहायचं ते तिथेच. पण त्या दोघांनी जे लिहिलं त्यामागे त्यांचं नाव होतं, पत्ता होता. चूक झाली तेव्हा कोठडीत ते स्वतः गेले. आगरकरांनी पुढे ऑक्टोबर १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला आणि सनातन्यांना झोंबेल असं वर्षानुवर्षं लिहिलं. पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली. चिडवणाऱ्या लिखाणाची किंमत लिहिणारा देत होता.

आमच्या पट्ट्यात आता ती किंमत कोण देतं, ते बघा.

२०२४ साली विधानसभेच्या निवडणुकीआधी चाकणमधून पन्नास कंपन्या बाहेर गेल्याची बातमी आली. विरोधकांनी ती उचलली, सरकारने ती नाकारली. चाकणचे रस्ते, तळेगाव चौकातली कोंडी, पावसात तळेगाव-चाकण रस्त्याची होणारी दशा, हे दुखणं इतकं खरं आहे की आकड्यावर विश्वास ठेवायला कुणाला वेळ लागला नाही. कोणत्या पन्नास? पूर्ण गेल्या, की दुसरीकडे नवीन शेड टाकली आणि इथलीही चालू आहे? हे विचारायच्या आधी ती ओळ गावोगावच्या पानांवर उद्गारचिन्हांसह फिरत होती. भोसरी एमआयडीसीत माझा एक वर्गमित्र आहे, त्याच्या शॉपमध्ये दोन व्हीएमसी यंत्रं आणि सहा माणसं, सगळं काम चाकणच्या एका कंपनीचं जॉब वर्क. त्याच आठवड्यात त्याच्या स्टीलवाल्याने उधारी बंद केली. “तुमची कंपनी चालली म्हणे,” एवढंच कारण. कंपनी कुठेही गेली नव्हती. पण रोख पैसे भरेपर्यंत माल आला नाही, आणि त्या महिन्याचे पगार वहिनींचे दागिने गहाण ठेवून झाले.

ही लहान किंमत. मोठी आपण पाहिलेली आहे. मे २०१४ च्या अखेरीला फेसबुकवर शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारा मजकूर फिरला. पुणे परिसरात दगडफेक झाली, बस फुटल्या. २ जूनच्या रात्री हडपसरमध्ये नमाज पढून परतणाऱ्या एका तरुण आयटी कर्मचाऱ्याला जमावाने मारून टाकलं. सोलापूरहून नोकरीसाठी आलेला होता. त्या मजकुराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, मंगळवेढ्याकडची. मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांनी गावाच्या मनात भीती आधीच भरून ठेवली होती. अशा गोष्टी पसरतात त्या वाटा आणि म्हाळुंग्याच्या त्या मथळ्याची वाट वेगळ्या नाहीत. जिथे निम्मं गाव बाहेरून पोटासाठी आलेलं असतं, मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-ओडिशातून, तिथे ‘परप्रांतीय’ या शब्दापुढे टिंबं ठेवणं म्हणजे काय, हे लिहिणाऱ्याला कळलं पाहिजे. त्या चौकातल्या ड्रायव्हरला चहा देणारा माणूस चाकणकरच होता ना?

म्हणून पोलिसांच्या हाती आणखी एक काठी द्या, असं मी म्हणणार नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका साध्या फेसबुक मजकुरासाठी अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने फक्त लाइक केलं होतं. मुंबई बंद का, एवढाच लिहिणारीचा प्रश्न. असल्या अटका ज्या ६६-अ कलमाने सोप्या केल्या होत्या, ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं, आणि बरं केलं. अशी काठी भडकवणाऱ्यावर क्वचित पडते, विचारणाऱ्यावर नेहमी.

हे सगळं मी त्या मुलाला सांगू शकलो असतो. सांगितलं नाही, कारण मी स्वतः तेच केलेलं आहे, याच सदरात.

काही महिन्यांपूर्वी चाकणच्या आसपास कंत्राटी कामगारांना खोल्या भाड्याने देणाऱ्यांवर मी लिहिलं होतं. एका खोलीत आठ-आठ मुलं, शिफ्टप्रमाणे एकाच गादीवर झोपणारी, आणि लाइटच्या युनिटला मालक मनाला येईल तो दर लावतो. मजकूर खरा होता, चार ठिकाणी जाऊन पाहिलेला होता. मथळा मात्र मी दिला : ‘खोलीमालक नव्हे, रक्तपिपासू’. चार ठिकाणच्या चार माणसांवरून सगळ्यांना एकच नाव. तो लेख लोकांनी कात्रणं काढून, फोटो काढून फिरवला. मला इतकी पत्रं, इतके फोन त्याआधी कधी आले नव्हते. मी आठवडाभर खूश होतो.

मग खराबवाडीहून एका बाईंचा फोन आला. नवरा गेलेला, वडिलोपार्जित जागेत बांधलेल्या दोन खोल्यांवर घर चालणारं. “तुम्ही माझ्या खोल्या बघायला आला होतात का?” त्यांनी विचारलं. मी गेलो नव्हतो. लेख आल्यावर त्यांच्या भाडेकरू मुलांनी लाइटबिल द्यायचं बंद केलं. पेपरात आलंय, तुम्ही लुटता. वाद वाढला, शेजारच्या पोरांनी येऊन मुलांची बाजू घेतली, दारासमोर आरडाओरडा झाला आणि महिन्याअखेरीला दोन्ही खोल्या रिकाम्या झाल्या.

मी गेलो. मावशींनी आधी पाणी दिलं, मग भिंतीवरचे सब-मीटर दाखवले, प्रत्येक खोलीला वेगळा. खाली खिळ्याला वही टांगलेली, दर महिन्याचा आकडा, मुलांच्या सह्या. महावितरणच्या बिलाशी मी तो ताडून पाहिला. पैशाचाही फरक नव्हता. “वाचा ना मोठ्याने,” त्या म्हणाल्या. मी वाचला. त्या ऐकत उभ्या राहिल्या.

पुढच्या आठवड्यात सदराच्या सुरुवातीलाच मी तसं लिहिलं. सरसकट सगळ्यांना ते विशेषण लावणं चूक होतं, माझी चूक होती, आणि हिशेबाची वही ठेवणाऱ्या मालकिणी मी पाहिल्या आहेत. मथळा साधा होता, क्रियापद जागेवर होतं. त्या मजकुराचं कात्रण कुणी काढलं नाही, फोटो कुठे फिरला नाही, एकही पत्र आलं नाही.

फोन एकच आला, मावशींचा. त्यांनी वाचलं होतं. छान लिहिलंय म्हणाल्या. आणि खोल्या अजून रिकाम्याच आहेत, चांगली मुलं कुणी असतील तर पाठवा.

गेल्या रविवारी उठताना मी म्हाळुंग्याच्या त्या मुलाकडून मावशींच्या खोल्यांची जाहिरात त्याच्या पानावर टाकून घेतली. पैसे घेईना, मीच बळेच दिले. मथळा मी सांगितला, त्याने टाइप केला : खराबवाडीत दोन खोल्या भाड्याने द्यायच्या आहेत, लाइटला वेगळे मीटर आहेत. आज सकाळपर्यंत कुणी उघडलेली नाही. त्याने कळवलं आहे की तो ती रोज रात्री पुन्हा वर आणून ठेवतो.