वॉल्डनकाठी मुक्काम नाही

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात कॉन्कर्ड गावाजवळ वॉल्डन तळे आहे. त्याच्या भोवतालचे रान आज राज्य सरकारचे संरक्षित उद्यान आहे. तेथे तळ्याला वळसा घालून चालता येते, पोहता येते. तंबू ठोकून रात्र काढण्यास आणि शेकोटी पेटवण्यास मात्र मनाई आहे. थोरोच्या चाहत्यांना हा दैवदुर्विलास वाटतो. ज्याने येथे दोन वर्षे राहून अरण्यवासाचे तत्त्वज्ञान सांगितले, त्याच्याच तळ्याकाठी कोणाला एक रात्रही राहता येऊ नये! आमच्या मते यात दैवदुर्विलास मुळीच नाही. ही मनाई ज्याला खुपते त्याने 'वॉल्डन' सहलीच्या जाहिरातपत्रकासारखे वाचले आहे.

मुळात ते अरण्य नव्हतेच. ४ जुलै १८४५ रोजी थोरो जेथे राहायला गेला ती जागा गावापासून सुमारे दीड मैलावर, एमर्सनच्या मालकीची होती. वर्षभर आधीच तळ्याच्या कडेने आगगाडी धावू लागली होती. थोरो वरचेवर गावात जाई, त्याच्याकडे पाहुणे येत. यातले काहीच त्याने लपवलेले नाही. म्हणून त्याचे 'ढोंग' उघडे पाडणारे टीकाकार आणि त्याला अरण्यऋषी मानणारे भक्त, दोघेही एकाच गैरसमजावर उभे आहेत. पुस्तकाचे पहिलेच प्रकरण अर्थव्यवहाराचे आहे. झोपडीचा खर्च त्यात २८ डॉलर साडेबारा सेंट असा चोख मांडला आहे. माणसाला जगायला नेमके किती लागते, हा त्याचा प्रश्न. त्याच्या उत्तरासाठी तंबूची गरज नाही.

त्याहून महत्त्वाचे प्रकरण तेथील पूर्वीच्या रहिवाशांचे. केटो इंग्रॅहम, सूत कातून पोट भरणारी झिल्फा, ब्रिस्टर फ्रीमन ही गुलामगिरीशी आयुष्य जोडलेली कृष्णवर्णीय माणसे या रानाच्या कडेला राहत होती. थोरो त्यांच्या घरांच्या खुणा शोधतो, त्यांची नावे नोंदवतो. ज्याला आपण 'निर्जन' म्हणून भुलतो, तो गावाने कडेला लोटलेल्यांचा वसाहतीचा प्रदेश होता. एकान्ताच्या ओढीने तेथे जाणारा नेमके हेच प्रकरण चाळून पुढे जातो.

मनाईमुळे निसर्गाचा निकट सहवास हिरावला जातो, असा आक्षेप येईल. पण चालणे कोणी अडवलेले नाही, आणि थोरो आयुष्यभर चालणाराच होता. शेकोटीचे म्हणाल, तर एप्रिल १८४४ मध्ये मित्रासह मासे शिजवताना त्यानेच पेटवलेल्या विस्तवाने कॉन्कर्डचे सुमारे ३०० एकर रान जाळले होते. आज तेथे दरवर्षी लाखो माणसे येतात. किनाऱ्याची माती ढासळू नये म्हणून पायवाटेला तारेचे कुंपण घालावे लागले आहे. एवढ्यांनी मुक्काम केला तर मुक्कामाला रान उरणार नाही.

दुर्गा भागवतांनी हे पुस्तक मराठीत आणताना नाव दिले 'वॉल्डनकाठी विचारविहार'. वनविहार नव्हे. आम्ही अध्यापक मात्र अजूनही 'थोरोचे निसर्गप्रेम स्पष्ट करा' एवढेच विचारतो आणि विद्यार्थी झाडे, पक्षी, शांतता यांची यादी लिहून गुण मिळवतात. त्याऐवजी खर्चाचा तो तक्ता आणि झिल्फाचे ते घर वर्गात वाचून घ्यावे. मग कोणत्याही रानात पाऊल टाकताना विद्यार्थी आधी विचारतील, येथे पूर्वी कोण राहत होते आणि ते कोठे गेले?