शिष्यवृत्तीचा दुसरा हप्ता

दहावी-बारावीचे निकाल लागले की नाशिकच्या सभागृहांतून गुणवंतांच्या सत्कारांचा हंगाम सुरू होतो. शाल, श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचे मार्गदर्शन आणि आभारप्रदर्शन असा ठरलेला क्रम असतो. या गुणवंतांत एखादा विद्यार्थी परदेशी विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळवून निघालेला असला, तर त्याच्या वाट्याला टाळ्यांचा कडकडाट येतो. त्याला पैसे कोणी दिले, हे सर्वांना ठाऊक असते. ते कोणत्या हेतूने दिले, हे क्वचितच विचारले जाते. आणि शिकून परत आल्यावर त्याला पाय रोवून उभे राहायला जागा कोण देणार, हा प्रश्न तर कोणाच्या मनातही येत नाही. वस्तुतः शिष्यवृत्तीतून नेतृत्व घडते की केवळ पदवी मिळते, हे याच दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते.

देणाऱ्याचा हेतू

जगभरातील हुशार तरुण हेरावेत, त्यांना आपल्या देशात आणून शिकवावे आणि उद्याचे नेते म्हणून घडवावे, ही कल्पना जुनीच आहे. साम्राज्याचा कट्टर पुरस्कर्ता सेसिल ऱ्होड्स १९०२ मध्ये मरण पावला, तेव्हा त्याच्या मृत्युपत्रातून ऑक्सफर्डच्या सुप्रसिद्ध शिष्यवृत्त्या जन्माला आल्या. केवळ पुस्तकी हुशारीवर त्याचा भर नव्हता. चारित्र्य, मैदानी खेळ आणि नेतृत्वाची उपजत वृत्ती हेही निवडीचे निकष होते. भारतासाठी हे दार उघडले ते १९४७ मध्ये. अमेरिकेने १९४६ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीचा कायदा केला आणि १९५० मध्ये भारताशी तसा करार केला. ब्रिटिश परराष्ट्र खात्याने १९८३ पासून आज चेव्हनिंग या नावाने ओळखली जाणारी शिष्यवृत्ती सुरू केली. तिच्या लाभार्थ्याने शिक्षण संपल्यावर किमान दोन वर्षे मायदेशी राहिले पाहिजे, अशी अट आहे.

ही अट बोलकी आहे. ज्याला घडवले तो लंडनमध्ये नोकरी करीत बसावा, असे ब्रिटनला वाटत नाही. त्याने आपल्या देशात मोठ्या पदावर पोहोचावे आणि तेथे ब्रिटनविषयी आपुलकी बाळगावी, हा त्यामागील सरळ हिशेब आहे. त्यात लपवाछपवी नाही आणि संतापण्यासारखेही काही नाही. प्रत्येक दाता काही हेतू मनात धरूनच देत असतो. घेणाऱ्याने तो ओळखून घ्यावा, एवढेच. भारताने पुढे फुलब्राइटच्या बाबतीत जे केले ते या दृष्टीने मार्मिक आहे. २००८ च्या नव्या करारानुसार भारत खर्चात बरोबरीचा भागीदार झाला आणि त्या शिष्यवृत्तीला फुलब्राइट-नेहरू हे नाव मिळाले. जो खर्चाचा वाटा उचलतो, त्यालाच धोरणात बोलण्याचा अधिकार राहतो.

तीन दाते, तीन अटी

पारतंत्र्यातील भारतातही शिष्यवृत्तीचा असा विचार झाला होता आणि तो अधिक खोलवर झाला होता. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांकरिता निधी उभारला. पहिल्या लाभार्थींत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. टाटांनी दान दिले नाही, कर्ज दिले. विद्यार्थ्याने कमावता झाल्यावर ते फेडावे आणि त्या पैशातून पुढचा विद्यार्थी जावा, अशी ती योजना होती. घेणाऱ्याचा स्वाभिमान शाबूत राहिला आणि निधीही आटला नाही.

दुसरा दाता लंडनमध्ये होता. पंडित श्यामजी कृष्ण वर्मा यांनी भारतीय तरुणांसाठी हर्बर्ट स्पेन्सर यांच्या नावाने शिष्यवृत्त्या जाहीर केल्या आणि १ जुलै १९०५ रोजी हायगेट भागात 'इंडिया हाऊस' सुरू झाले. पॅरिसमध्ये जवाहिऱ्याचा व्यवसाय करणारे सरदारसिंह राणा यांनी त्यांच्या पाठोपाठ आणखी शिष्यवृत्त्या देऊ केल्या. त्यांपैकी एक छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाची होती. नाशिकजवळच्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर १९०६ च्या जूनमध्ये मुंबईच्या बंदरातून निघाले, ते याच शिष्यवृत्तीच्या आधारावर. लोकमान्य टिळक आणि 'काळ'कर्ते शि. म. परांजपे यांनी त्यांची शिफारस केली होती. या शिष्यवृत्त्यांची अट एका ओळीची होती. लाभार्थ्याने शिक्षणानंतर ब्रिटिश सरकारची नोकरी वा कोणतेही पद स्वीकारायचे नाही.

त्या काळी विलायतेचे शिक्षण म्हणजे सरकारी मानमरातबाची शिडी होती. ऐन उमेदीच्या वयात ती शिडी आपल्या हाताने बाजूला सारण्यास सांगणारी ही अट होती. सावरकरांनी ती शब्दशः पाळली आणि तिची किंमतही मोजली. ग्रेज इनची परीक्षा उत्तीर्ण होऊनही त्यांना बॅरिस्टरीची सनद नाकारण्यात आली.

तथापि शिवाजी शिष्यवृत्ती मिळण्यापूर्वी सावरकरांना आणखी एक शिष्यवृत्ती मिळाली होती. तिला नाव नव्हते. १८९९ मध्ये प्लेगने वडील गेले, तेव्हा थोरले बंधू बाबाराव यांनी घराचा भार खांद्यावर घेतला. महाविद्यालयीन शिक्षणाच्या खर्चासाठी सासरे भाऊराव चिपळूणकर पाठीशी उभे राहिले. नाशिकच्या मित्रमेळ्यातील सवंगडी होतेच. लंडनच्या निधीने तिकीट आणि फी भागवली, पण त्या तरुणाला नाशिकच्या मातीत आधीच घर, माणसे आणि विश्वास मिळालेला होता. आणखी एका शिष्यवृत्तीधारकाला मायदेशी परतल्यावर नेमके हेच मिळाले नाही. ती कथा नाशिक जिल्ह्यातल्याच तिसऱ्या दात्यापासून सुरू होते.

कवळाणे, न्यूयॉर्क आणि बडोदे

मालेगाव तालुक्यातील कवळाणे येथे ११ मार्च १८६३ रोजी गोपाळराव गायकवाड यांचा जन्म झाला. शेतकऱ्याच्या घरातला हा मुलगा १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव महाराज झाला. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत अक्षरांशी जेमतेम ओळख असलेल्या या राजाने १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सबंध संस्थानात लागू केला. शिक्षणावाचून राहणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

१९१३ मध्ये त्यांनी भीमराव रामजी आंबेडकर या तरुण पदवीधराला कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. त्याआधी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षणासाठीही बडोद्याचेच साहाय्य होते. करारात अट होती, ती शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानची सेवा करण्याची. अट न्याय्य होती, कारण प्रजेच्या पैशातून घडलेली बुद्धी प्रजेच्या उपयोगी पडावी, हा राजाचा विचार होता. आंबेडकरांनीही ती मनापासून मान्य केली होती. कोलंबियाहून लंडनला जाऊन त्यांनी ग्रेज इनमध्ये नाव नोंदवले. सावरकरांना सनद नाकारणारी संस्था ती हीच. शिष्यवृत्तीची मुदत संपताच १९१७ मध्ये ते अभ्यास अर्धवट सोडून परतले आणि शब्द पाळण्यासाठी बडोद्यास रुजू झाले.

पुढचे अवघे काही दिवस भारतीय समाजाने कायम स्मरणात ठेवावेत असे आहेत. महाराजांच्या आज्ञेने आलेल्या या अधिकाऱ्याला बडोदे शहरात राहायला खोली मिळेना. हिंदू खाणावळींची दारे बंद होती, म्हणून जात लपवून ते एका पारशी वसतिगृहात राहिले. अकराव्या दिवशी हातांत काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. एक मित्र हिंदू होता, दुसरा ख्रिस्ती. दोघांनीही आपल्या घरच्या अडचणी पुढे केल्या. दोष एखाद्याच समाजाच्या पदरात टाकून कोणाला मोकळे होता येणार नाही, असा तो प्रसंग होता. कोलंबियात शिकून आलेला तो विद्वान बडोद्याच्या एका बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतला.

राजाने शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता पौंडांत चुकता केला होता. दुसरा हप्ता समाजाने द्यायचा होता. तो एका खोलीचा होता आणि समाजाने तो बुडवला. दहा वर्षांची अट मोडली, पण ती आंबेडकरांनी मोडली असे कोण म्हणेल?

सयाजीरावांच्या जिल्ह्यातच या बुडवलेल्या हप्त्याची वसुली पुढे झाली. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापाशी सत्याग्रह सुरू झाला. रामाच्या दारात उभे राहू द्या, एवढीच मागणी होती. ती मान्य करण्याचे औदार्य त्या वेळच्या नाशिकला दाखवता आले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. हिंदू समाजाचे संघटन व्हावे अशी ज्यांची तळमळ आहे, त्यांनी बडोदे, काळाराम आणि येवले हा क्रम पुनःपुन्हा आठवावा. समाज दुभंगतो तेव्हा त्याचे कारण बाहेरच्या शत्रूतच शोधावे लागते असे नाही. पुष्कळदा ते नाकारलेल्या खोलीत सापडते.

आता देणारा भारत

काळ बदलला आहे. आज भारत केवळ घेणारा राहिलेला नाही. १९५० मध्ये स्थापन झालेली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद आशिया आणि आफ्रिकेतील विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देते. १९६४ पासून 'आयटेक' योजनेखाली मित्रदेशांतील अधिकारी आणि तंत्रज्ञ येथे प्रशिक्षणासाठी येतात. नाशिकच्या उंबरठ्यावर, देवळालीच्या तोफखाना विद्यालयात मित्रराष्ट्रांचे लष्करी अधिकारी शिकून जातात. मलावीचे राष्ट्राध्यक्ष झालेले बिंगू वा मुथारिका दिल्लीत शिकले होते आणि अफगाणिस्तानचे हमीद करझाई शिमल्यात. ऱ्होड्सने जे ऑक्सफर्डसाठी इच्छिले, ते भारतालाही साधू शकते, याची ही उदाहरणे आहेत.

पण येथेही दुसरा हप्ता थकतोच. २०१६ मध्ये बंगळुरूत टांझानियाच्या विद्यार्थिनीला जमावाने मारहाण केली. २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. सरकार विमानाचे तिकीट देते, विद्यापीठ प्रवेश देते आणि घरमालक वर्ण पाहून दार लावून घेतो. 'अतिथी देवो भव' हे वचन कमानीवर लिहिणे सोपे आहे. जो विद्यार्थी अपमान गाठीशी बांधून मायदेशी जातो, तो उद्या मंत्री झाल्यावर भारताची कोणती आठवण ठेवील?

याउलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहात एकट्या आजारी पडलेल्या मॉरिशसच्या विद्यार्थ्याचे हाल डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी पाहिले. परदेशी विद्यार्थ्यांना येथे घरपण मिळावे, या विचारातून १९७१ मध्ये 'सिम्बायोसिस' उभी राहिली. एका प्राध्यापकाने दुसरा हप्ता भरण्याचे मनावर घेतले, त्याचे हे फळ होय.

घरोघरी भरायचा हप्ता

हा विषय दूरदेशीच्या पाहुण्यांपुरता मर्यादित नाही. राज्याच्या आदिवासी विकास विभागाचे आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी येथील वनवासी पाड्यांवरून मुले-मुली शिक्षणासाठी या शहरात येतात. ज्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळत नाही, त्यांच्यासाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयं योजना आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. भोजन आणि निवासाचा खर्च या योजनांतून थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होतो. खोलीचे भाडे शासन देते, पण खोली शासन देऊ शकत नाही. ती कोणत्या तरी गंगापूर रोडवरच्या, पंचवटीतल्या वा सिडकोतल्या घरमालकाने द्यायची असते. तेथे 'आडनाव काय?' हा प्रश्न आजही भाड्याच्या आधी विचारला जात असेल, तर १९१७ चे बडोदे अजून संपलेले नाही.

गुणवत्तेला अटींत का बांधावे, तिला जेथे वाव मिळेल तेथे तिने जावे, असे म्हणणारा एक पक्ष आहे. त्याचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. पण देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांची कल्पना ज्या संस्कृतीने मांडली, तिला समाजऋण परके वाटू नये. मात्र ऋण दोन्ही बाजूंनी असते. परत ये, असे सांगण्याचा अधिकार परत आलेल्याला जागा देणाऱ्या समाजालाच असतो. बुद्धिमंत परदेशी निघून जातात म्हणून हळहळणाऱ्यांनी आधी हे स्वतःस विचारावे.

म्हणून करावयाच्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. ज्या वस्तीत सत्कार होतात, तेथेच गुणवंतांच्या माजी विद्यार्थ्यांनी टाटांच्या धर्तीवर परतफेडीचा लहानसा निधी उभारावा. घेतलेल्याने फेडावे आणि पुढच्याला पाठवावे. शहरात एकट्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला सणावारी ताट वाढणारे, परीक्षेच्या दिवसांत चौकशी करणारे एक पालक कुटुंब मिळावे. शिकून आलेल्या तरुणाला केवळ हार घालून घरी न पाठवता शाळेच्या, वाचनालयाच्या, पतसंस्थेच्या कार्यकारिणीत निर्णयाची जागा द्यावी, कारण नेतृत्व शिबिरात शिकवता येते, पण ते रुजते जबाबदारीतच. आणि घराची एखादी खोली भाड्याने द्यायची असेल, तर आडनाव न विचारता द्यावी.

पहिला हप्ता सरकार देईल, उद्योगपती देतील, परदेशही देईल. दुसरा हप्ता फक्त समाजच देऊ शकतो.